गाडगेबाबा : हातांनी पंचशील पाळणारा माणूस

आमच्या विहारात तथागतांच्या मूर्तीच्या बाजूच्या भिंतीवर महापुरुषांचे फोटो लावलेले आहेत. बाबासाहेब आहेत, जोतिबा आहेत, सावित्रीमाई आहेत, शाहू महाराज आहेत. त्या रांगेत अगदी शेवटी एक फोटो आहे. अंगावर चिंध्यांचे ठिगळ लावलेले कपडे, हातात काठी, जवळ मातीचे फुटके गाडगे. बालसंस्कार वर्गाला नवीन आलेली पोरे हमखास विचारतात की हे कोण, आणि यांनी धम्मदीक्षा घेतली होती काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. हे गाडगेबाबा, आपल्या वऱ्हाडातलेच. दुसऱ्याचे उत्तर आहे नाही. त्यांनी दीक्षा घेतली नव्हती. शेवटपर्यंत ते कीर्तनात गोपाळाचे नाव घेत राहिले. मग त्यांचा फोटो विहारात कशाला, असा तिसरा प्रश्न आपोआपच येतो. विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत त्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यावे म्हणून आम्ही हा लेख लिहायला घेतला आहे.

पण त्याआधी एक आमच्या घरचीच गोष्ट सांगतो, कारण लपवून काही फायदा नाही. काही वर्षांपूर्वी जयंतीची मिरवणूक मोठ्या थाटात निघाली. रात्री उशिरा ती विहारापाशी संपली. सकाळी आमच्या दोन म्हाताऱ्या उपासिका नेहमीप्रमाणे झाडायला आल्या, तर विहाराच्या मागच्या बोळीत रिकाम्या बाटल्या पडलेल्या. आदल्याच सायंकाळी त्याच अंगणात आम्ही सर्वांनी हात जोडून त्रिसरण-पंचशील घेतले होते. संध्याकाळी कमिटीची बैठक बसली. कोणी म्हणाले फलक लावू, कोणी म्हणाले दंड ठेवू. त्या दोघींपैकी एक आजी भिंतीवरच्या त्या शेवटच्या फोटोकडे बोट दाखवून एवढेच म्हणाली की फलक वाचणारे पुष्कळ आहेत बाप्पा, यायच्यासारखा खराटा घेणारा एखादा पाहा. बैठकीत कोणाला उत्तर सुचले नाही.

त्या दिवसापासून आम्ही या माणसाचे चरित्र पुन्हा वाचायला घेतले, आणि वाचता वाचता ध्यानात आले की पंचशीलातील एकेक शील या माणसाच्या आयुष्यात जागोजागी सापडते. तेही पाठ केलेले नव्हे, तर भोगून आणि राबून मिळवलेले.

दारूने घेतलेला बाप

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यात, आजच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात हा मुलगा जन्मला. नाव डेबूजी. बापाचे नाव झिंगराजी, आईचे सखुबाई, आडनाव जाणोरकर. घर तसे खाऊन-पिऊन सुखी होते. पण पिऊन हा शब्दच पुढे घरावर उलटला. झिंगराजी दारूच्या आहारी गेले. त्या काळी देवाच्या कामाला दारू, लग्नाला दारू, बारशाला दारू आणि मयतीलाही दारू अशी रीत होती. रीत म्हणून सुरू झालेली दारू घरात मुक्कामाला आली. शेत गेले, शरीर गेले आणि डेबू लहान असतानाच बाप गेला.

सखुबाई पोराला घेऊन माहेरी आली, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे गावी. हे गाव अकोला जिल्ह्यात येते. मामाच्या घरी डेबूने गुरे राखली, गोठा झाडला, वखर-नांगर धरला. शाळेचे तोंड काही त्याला पाहायला मिळाले नाही. पण कामाची लाज नाही आणि आळस नाही, म्हणून पोरगा गावात नावाजला गेला.

पाचवे शील आपण सगळ्यात शेवटी म्हणतो. डेबूजीला मात्र ते सगळ्यात आधी शिकावे लागले, आणि शिकवणारा होता त्याच्या बापाचा मृत्यू. आपल्याकडे अजूनही दारूकडे माणसाचा खासगी मामला म्हणून पाहिले जाते. झिंगराजींची दारू खासगी होती काय? तिची किंमत सखुबाईने भरली आणि एका पोराच्या शाळेने भरली. मद्यापासून दूर राहण्याचे शील तथागतांनी उगीच सांगितले नाही. नशेत माणसाचे भान सुटते, आणि भान सुटले की बाकीची चार शीलेही त्याच्या मागोमाग सुटतात.

पुढे डेबूजीचे लग्न कुंताबाईशी झाले. मुलगी झाली, बारसे ठरले. भाऊबंद जमले. जातीची रीत अशी की बारशाला बोकड कापायचा आणि दारू पाजायची. डेबूजीने दोन्ही बंद ठेवले आणि गोडाचे जेवण वाढले. आज हे वाचताना फार मोठे वाटत नाही. पण ज्यांनी भाऊबंदकीत दिवस काढले त्यांना विचारा. चार लोकांसमोर रीत मोडणे म्हणजे काय, हे आमच्या त्या पिढीला चांगले ठाऊक आहे जिने १९५६ नंतर मरीमायची कंदोरी बंद केली आणि घरातले देव नदीत सोडले. नातेवाईक रुसले, सोयरिकी तुटल्या. डेबूजीने हे धैर्य केले तेव्हा त्याच्या पाठीशी कोणतीही चळवळ नव्हती. एकटा तरुण आणि समोर पंगत.

साहुकाराचा कागद

दुसरे शील चोरी न करण्याचे. न दिलेले घेऊ नये, असा त्याचा सरळ अर्थ. चोरी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर रात्री भिंत फोडणारा चोर येतो. डेबूजीने पाहिलेली चोरी दिवसाढवळ्याची होती आणि तिला कागद होता. मामावर साहुकाराचे कर्ज होते. घरात वाचणारा कोणी नाही, त्यामुळे साहुकार लिहील तोच हिशेब आणि तो म्हणेल तेवढे व्याज. शेवटी जमिनीवर टाच आली आणि मामाही त्या धसक्याने खचला. चरित्रकार सांगतात की साहुकाराची माणसे शेतावर ताबा घ्यायला आली, तेव्हा डेबूजी नांगर धरून त्यांना आडवा झाला.

या अनुभवातून त्यांनी दोन गोष्टी जन्मभर धरून ठेवल्या. कर्ज काढून सण, लग्न, नवस करू नका, ही एक. पोरांना शिकवा, ही दुसरी. घरातली भांडी विकावी लागली तरी चालेल, हातावर भाकर घेऊन खा, पण लेकराची शाळा सोडवू नका, असे ते गावोगाव सांगत फिरले. स्वतः अडाणी होते म्हणून अडाणीपणाची किंमत त्यांना नेमकी ठाऊक होती.

घर सोडले तेव्हा

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजीने घर सोडले. वय २८. मागे म्हातारी आई, बायको आणि लहान लेकरे.

येथे आमच्या उपासिका थांबतात आणि विचारतात की बाप्पा, कुंताबाईचे काय? हा प्रश्न रास्त आहे. सिद्धार्थाच्या गृहत्यागाच्या वेळीही यशोधरेविषयी तो विचारला जातो. एका माणसाने जगासाठी घर सोडले की त्याचा भार घरातल्या बाईवर पडतो. कुंताबाईने तो कष्ट करून उचलला, आणि गाडगेबाबांच्या थोरवीत तिचा वाटा मोठा आहे, हे आम्ही येथे स्पष्ट लिहून ठेवतो. संसारी माणसाने बाबांचे अनुकरण करायचे ते घर सोडण्यात नव्हे.

तिसरे शील व्यभिचारापासून दूर राहण्याचे आहे. त्याचा गाभा असा की आपल्या सुखासाठी दुसऱ्याला दुःखात लोटू नये. बाबांच्या पुढील पन्नासेक वर्षांत या बाबतीत त्यांच्यावर कोणी बोट ठेवू शकले नाही. लाखोंच्या गर्दीत वावरून, रात्री-बेरात्री कीर्तने करून त्यांनी आपले चारित्र्य धुतल्या कपड्यासारखे ठेवले. हुंड्यावर त्यांनी कीर्तनातून कोरडे ओढले. साधू-बुवांच्या नादी लागणाऱ्या भोळ्या लोकांना सावध केले. भगवे घालून बायाबापड्यांना नाडणारे तेव्हाही होते आणि आताही आहेत.

ऋणमोचनचा घाट

घर सोडल्यावर अंगावर चिंध्या आल्या. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा, हातात काठी, आणि खाण्या-पिण्यासाठी मातीचे गाडगे. त्या गाडग्यावरूनच लोकांनी नाव पाडले. कोणी गोधडेबुवा म्हणत, कोणी चिंधेबुवा. गावात शिरले की आधी खराटा मागून रस्ता झाडायचा, गटार मोकळे करायचे, मग भाकर मागायची. कामाआधी भाकर घ्यायची नाही, असा त्यांचा नेम. आम्हाला वाटते की न दिलेले न घेणे या शीलाची ही अगदी वऱ्हाडी व्याख्या आहे. नुसते दिलेले असून चालत नाही, ते घामाचेही असले पाहिजे.

अमरावती जिल्ह्यात भातकुली तालुक्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन म्हणून गाव आहे. पौष महिन्यातल्या रविवारी तेथे यात्रा भरते. चिखलातून, दगड-धोंड्यांतून बायका-म्हातारे नदीत उतरत आणि घसरून पडत. बाबांनी ते पाहिले आणि १९०८ साली तेथे घाट बांधून घेतला. पुढे त्याच गावी सदावर्त सुरू केले. यात्रेला आलेला माणूस पुण्य मिळवायला आला असेल, बाबांना त्यात रस नव्हता. त्याचा पाय घसरू नये, एवढे त्यांनी पाहिले.

पहिले शील प्राणिहिंसा न करण्याचे आहे. त्या बाबतीत बाबा फार कडक होते. देवाच्या नावाने कोंबडे-बकरे कापण्याविरुद्ध त्यांनी आयुष्यभर कीर्तन केले. नवसाला पोर होत असेल तर मग नवऱ्याची गरज काय, अशा थाटाचे सवाल ते हजारो लोकांसमोर करत आणि लोक हसता हसता अंतर्मुख होत. मूर्तिजापूरला त्यांनी गोरक्षण उभे केले, त्याच्यासोबत धर्मशाळा आणि विद्यालयही. जुने झालेले, काम न होणारे जनावर टाकून देऊ नये, ही त्यामागची शेतकऱ्याची माया होती.

पण अहिंसेचा त्यांचा अर्थ मुक्या जनावरापाशी संपत नव्हता. भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, रोग्याला औषध, बेघराला आसरा ही त्यांच्या कामाची यादी होती. माणसाला माणूस न मानणे ही सर्वात मोठी हिंसा, असे ते धरून चालत. म्हणूनच १९१७ साली पंढरपुरात त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. त्या वेळी आपल्या लोकांना पंढरपुरात देवळात तर सोडाच, राहायलाही धड जागा मिळत नव्हती. विठ्ठलाच्या देवळाचे दार अस्पृश्यांना उघडले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. त्याच्या तीस वर्षे आधी वऱ्हाडातल्या एका परटाच्या मुलाने आपल्या माणसांसाठी डोक्यावर छप्पर उभे केले होते.

लाखोंचा हिशेब

नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू येथे धर्मशाळा झाल्या. मुंबईला जे. जे. रुग्णालयाजवळ बाहेरगावच्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठी १९५४ साली धर्मशाळा झाली. गावचा माणूस मोठ्या शहरात आजारी आईला घेऊन जातो तेव्हा त्याला पहिली चिंता असते ती रात्र कोठे काढायची याची. ज्यांनी असे दिवस काढले त्यांना या कामाचे मोल सांगावे लागत नाही.

हा सगळा पैसा लोकांचा होता, आणि तो लाखोंचा होता. बाबा मात्र गाडग्यातच भाकर खात. धर्मशाळेत स्वतःला खोली ठेवली नाही. आपल्या घरच्या माणसांचा या संस्थांवर काही हक्क राहणार नाही, अशी त्यांनी व्यवस्था करून ठेवली. कुंताबाईलाही धर्मशाळेच्या सुखसोयी लागू नव्हत्या, ती झोपडीतच राहिली. १९५२ साली गाडगे महाराज मिशन स्थापन झाले आणि कामाची सूत्रे संस्थेच्या हाती गेली.

आपल्यापैकी ज्यांच्या हाती विहाराची, मंडळाची, पतसंस्थेची पावतीबुके असतात त्यांनी या परिच्छेदापाशी जरा थांबावे. वर्गणीतला एक रुपया इकडचा तिकडे झाला तर लोक म्हणतात जाऊ द्या, आपलाच माणूस आहे. बाबांनी आपल्या माणसालाच आधी बाहेर ठेवले. आम्हीही त्यांच्यापासून धडा घेऊन विहाराचा जमाखर्च दर महिन्याला दाराशी लावतो. सुरुवातीला काही जणांना राग आला होता, आता सवय झाली आहे.

गुरू नाही, चेला नाही

चौथे शील खोटे न बोलण्याचे. एवढ्या मोठ्या माणसाला लोकांनी देव करायला किती वेळ लागणार? अंगारा द्या, हात लावा, आशीर्वाद द्या म्हणून लोक मागे लागत. पाया पडायला कोणी वाकला की बाबा काठी उगारत. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी चेला नाही, हे त्यांनी पुन्हा पुन्हा जाहीर केले. चमत्काराचा दावा कधी केला नाही. एक खोटे बोलले असते तर सोन्याच्या सिंहासनावर बसता आले असते. ते खराट्यावरच समाधानी राहिले.

त्यांचे कीर्तनही असेच. ते सांगत कमी आणि विचारत जास्त. अस्सल वऱ्हाडी बोलीत सवाल टाकायचा आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचे. ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानू नका ही तथागतांची शिकवण कालाम लोकांना दिलेली आहे. बाबांनी ती वाचली नसेल, कारण त्यांना वाचताच येत नव्हते. पण त्यांच्या कीर्तनात बसलेला शेतमजूर घरी जाताना विचार करत जात असे.

१९२३ साली कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना मुलगा गोविंद गेल्याची बातमी आली. सांगतात की बाबांनी क्षणभर थांबून कीर्तन पुढे चालू ठेवले. जगात असे रोज कितीतरी मरतात, मग आपल्याच पोरासाठी किती रडावे, असा त्यांचा भाव होता. किसा गोतमीची गोष्ट आपल्याला माहीत आहे. मोहरी मागायला ती घरोघर गेली आणि ज्या घरात मरण नाही असे घर तिला मिळाले नाही. बाबा त्याच ठिकाणी आपल्या वाटेने पोचले.

बाबासाहेब आणि बाबा

बाबासाहेबांना गाडगेबाबांविषयी मोठा आदर होता आणि बाबांना बाबासाहेबांचा अभिमान. बाबा आजारी असताना बाबासाहेब भेटीला घोंगड्या घेऊन गेले, आणि एरवी कोणाकडून काही न घेणाऱ्या बाबांनी त्या घेतल्या, अशी आठवण आपल्या समाजात घरोघर सांगितली जाते. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळेची वास्तू बाबांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. देवाच्या गावातली धर्मशाळा शिक्षणाच्या कामी आली, यातच सगळे आले.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली. वऱ्हाडातून लोक मिळेल त्या गाडीने, कोणी पायी, भाकरी बांधून गेले होते. आमच्या घरातली मोठी माणसे त्यांत होती. बावीस प्रतिज्ञांमधल्या तेरा ते सतरा या प्रतिज्ञा नीट पाहा. प्राणिमात्रांवर दया, चोरी न करणे, खोटे न बोलणे, व्यभिचार न करणे, दारू न पिणे. पंचशीलच बाबासाहेबांनी आपल्या भाषेत शपथेवर घालून दिले.

त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला मुंबईत वांद्र्याला बाबांचे शेवटचे गाजलेले कीर्तन झाले. ते ध्वनिमुद्रित झाले म्हणून आजही त्यांचा आवाज ऐकायला मिळतो. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडगेबाबांनी शेवटचा श्वास घेतला. अमरावतीला गाडगेनगरात त्यांची समाधी आहे. २००५ साली अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसाचे नाव आज आपल्या मुलांच्या पदवीच्या कागदावर छापून येते.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर

आता फोटोच्या प्रश्नाकडे येऊ. गाडगेबाबांना बौद्ध म्हणून दाखवण्याचा आमचा इरादा नाही. ते त्यांच्यावर अन्यायाचे होईल आणि चौथ्या शीलाचा भंगही होईल. ते वेगळ्या वाटेने चालले. आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत, आपली वाट ठरलेली आहे. पण ज्या माणसाने तोंडाने कधी पंचशील म्हटले नाही त्याच्या हातून पाचही शीले पाळली जातात, आणि आपण रोज म्हणतो तरी विहारामागच्या बोळीत बाटल्या सापडतात, याचा विचार त्या फोटोकडे पाहून व्हावा. म्हणून तो फोटो तेथे आहे.

शील म्हणजे केवळ मनाई नाही. दारू प्यायची नाही, एवढ्याने पाचवे शील पुरे होत नाही. शेजारच्या घरात झिंगराजी होत असेल तर त्या घरच्या सखुबाईला धीर द्यायला जाणे हेही त्यातच येते. चोरी करायची नाही, एवढ्यावर भागत नाही. अडाणी माणसाला कागद वाचून दाखवणे, पतसंस्थेच्या अर्जावर अंगठा लावण्याआधी व्याज समजावून सांगणे हेही दुसऱ्या शीलाचेच काम. जनावर मारायचे नाही, आणि सोबतच कोणाच्या लेकीला हुंड्यासाठी जाळू द्यायचे नाही.

त्या आजी आता नाहीत. त्यांच्या हातचा खराटा मात्र विहारात आहे. गेल्या काही वर्षांपासून आमच्याकडे जयंतीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे कमिटीचे पदाधिकारी स्वतः झाडतात, अध्यक्ष पहिले. तरुण पोट्टे सुरुवातीला हसले. मग एकेक करून हातात फडे घेऊन आले. बोळीत अजूनही एखाददुसरी बाटली सापडते, खोटे कशाला बोला. पण ती कोणाची हे आता पोरेच शोधून काढतात आणि त्याच्या घरी जाऊन बसतात, रागावत नाहीत, बोलतात.

येत्या २० डिसेंबरला सर्व उपासक-उपासिकांनी सकाळी आपापल्या घरचा खराटा घेऊन विहारात यावे. आधी झाडणे, मग पंचशील आणि नंतर भाकर.

जय भीम. नमो बुद्धाय.